कावेरीकाठचे घोडे

पहिला दिवस : श्रीरंगम

ताईला रंगनाथाचं दर्शन घ्यायचं होतं, मला घोडे बघायचे होते आणि दाजींना घरी बसून कंटाळा आला होता. तिघांची तीन कारणं घेऊन आम्ही मार्चमधल्या एका पहाटे त्रिची स्टेशनावर उतरलो. दाजी जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. हयात गाई-म्हशींत गेली, पण नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी खानदेशात काढली आणि दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ड्यूटी केली. त्यामुळे घोडा म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. मी त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं की या सहलीत जिवंत घोडा एकही नाही.

श्रीरंगम हे कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन पात्रांमधलं बेट. देवळाला एकात एक सात प्राकार, म्हणजे तटबंदीची आवारं. बाहेरच्या तीन-चार प्राकारांत चक्क गाव वसलेलं आहे. घरं, दुकानं, रिक्षा, फुलवाल्या. ताई रांगेत उभी राहिली आणि आम्ही दोघं पूर्वेकडच्या पांढऱ्या गोपुराजवळ, शेषगिरी रायर मंडपाकडे वळलो.

फोटो शंभर वेळा पाहिले होते, तरी पावलं थबकली. मंडपाच्या दर्शनी खांबांमधून घोडे उसळलेले आहेत. मागच्या पायांवर उभे, पुढचे खूर हवेत, मान ताणलेली, पाठीवर भालाईत. खाली वाघ, वाघाला भिडलेली पायदळातली माणसं. घोडा, स्वार, वाघ, माणसं आणि मागचा खांब हे सगळं एकसंध दगडातलं. सोळाव्या-सतराव्या शतकातलं, विजयनगर आणि नायक राजांच्या काळातलं हे काम. दगडही मऊ नाही, छिन्नीला दाद न देणारा ग्रॅनाइट.

दाजी थेट घोड्याच्या तोंडाशी गेले. ही त्यांची जुनी खोड. आधी तोंड, मग पाय, मग बाकीचा घोडा.

"लगाम बघ," ते म्हणाले. "आणि तंग बघ, पोटाला कुठं आवळलाय. हे ऐकीव नाही गं. ज्यानं केलं त्यानं सजवलेला घोडा जवळून पाहिलाय."

मग ते खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. एवढा जड घोडा मागच्या दोन पायांवर दगडात उभा राहिलाच कसा, हे त्यांना शोधायचं होतं. उत्तर खालच्या गर्दीत होतं. पोटाखाली लढणारी माणसं, तो वाघ, ढाली, हे सगळे टेकू आहेत. लढाईचं दृश्य म्हणून आपण कौतुकानं बघतो, पण त्या माणसांचं खरं काम घोडा पडू न देणं हे आहे. एका शिपायाचा चेहरा तर इतका शांत की त्यानं वाघ मारलाय की ओझं उचललंय ते कळत नाही.

संध्याकाळी कॉफी पिताना मी दाजींना माझं घोडं कुठं पेंड खातंय ते सांगितलं. या मुलखात घोडा कधी रुजलाच नाही. तो समुद्रावरून यायचा, होर्मुझहून, एडनहून, जहाजात उभा राहून. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो पांड्यांच्या राज्यात आला तेव्हाची त्याची नोंद आहे : राजा दरवर्षी २००० हून जास्त घोडे विकत घेतो आणि वर्ष सरताना त्यातले १०० सुद्धा उरत नाहीत. निगा राखणारं कुणी नाही, नालबंद नाही, आणि व्यापारीही तो इकडे येऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तर त्यांचाच धंदा. खायला काय, तर शिजवलेला भात आणि मांस.

"भात?" दाजींनी कप खाली ठेवला. "घोड्याला?"

पुढचं ऐकून ते जास्तच अस्वस्थ झाले. पोलो म्हणतो, जातिवंत घोडीला जातिवंत घोडा दाखवला तरी इथं शिंगरू जन्मतं ते वाकड्या पायांचं, बसायला निरुपयोगी.

नंतर विजयनगरची भूकही तशीच. त्यांचे घोडे भटकळ-गोव्याच्या बंदरांत उतरायचे; पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला त्यामागे या व्यापाराचीही ओढ होती. नुनीझ नावाच्या पोर्तुगीजानं विजयनगरच्या साळुव नरसिंह राजाबद्दल लिहिलंय की तो घोडे जिवंत किंवा मेलेले कसेही विकत घ्यायचा. वाटेत समुद्रात मेला तर व्यापाऱ्यानं नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे पूर्ण.

"विमा कंपनी होती म्हण की," ताई म्हणाली. तिला दर्शन छान झालं होतं.

दुसरा दिवस : तंजावर

तंजावरला आलेला प्रत्येक मराठी माणूस सांबाराची गोष्ट सांगतो. मी सांगणार नाही.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाचं, १०१० सालचं. त्याच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरवून घेतलाय. ऊन चढायच्या आत आम्ही तिथं पोचलो. चोळांच्या तमिळ अक्षरांच्या शेजारी आपली अक्षरं ओळीनं उभी बघून काहीतरी होतंच. ताईनं दोन-तीन ओळी मोठ्यानं वाचल्या, तर शेजारची शाळकरी पोरं तिच्याकडे बघत राहिली. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७५-७६ च्या सुमारास इथे आले आणि घराणं १८५५ पर्यंत टिकलं. म्हणजे भीमथडीच्या तट्टांवर वाढलेली माणसं अशा मुलखात आली जिथं घोडा म्हणजे बंदरातून उचलायची चैन.

सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावर असलेलं अश्वशास्त्र आहे, रंगीत चित्रांसह. पांडवांतला नकुल हा परंपरेनं घोड्यांचा जाणकार. या शास्त्रात घोड्याचे रंग, खुणा आणि विशेष म्हणजे भोवरे. अंगावरच्या केसांत कुठं भोवरा आहे, त्यावरून घोडा मालकाला लाभणार की बुडवणार हे ठरायचं. मला हे सगळं जुनंपुराणं वाटत होतं. दाजींना मात्र बाजारातला कालचा भाव वाचल्यासारखा आनंद झाला.

"आमच्याकडे अजून हेच चालतं. गळ्याखाली भोवरा असला की देवमण. पंचकल्याणी असेल, चारी पाय आणि तोंड पांढरं, तर किंमत अशी वर जाते," त्यांनी हात छताकडे नेला. "मी त्याचा पाय तपासून सांगायचो की बाबा, हा लंगडणार आहे. ऐकतंय कोण? देवमण आहे ना, बास."

दुपारी राजवाड्यामागच्या एका गल्लीत, एका हॉलमध्ये, पोय्क्काल कुदिरैची तालीम बघायला मिळाली. आमच्या ड्रायव्हर अण्णांच्या ओळखीनं. पोय म्हणजे खोटं, काल म्हणजे पाय, कुदिरै म्हणजे घोडा. नाचणारा कमरेला हलका पोकळ घोडा अडकवतो; कमरेवर तो स्वार, कमरेखाली झालर. आणि पायाखाली लाकडी पाय. हे जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. पाऊल टेकवायला छोटी फळी, तिच्याखाली लाकडाचा दांडा, आणि पोटरीला कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं. त्यावर उभं राहिलं की माणसाला क्षणभरही स्वस्थ थांबता येत नाही. तोल राखायचा तर पाय आपटत राहावं लागतं, डावा-उजवा, डावा-उजवा. आणि तोच नेमका उतावळ्या घोड्याचा आवाज! टाप वाजवायची म्हणून वाजत नाही, पडू नये म्हणून वाजते.

राजा आणि राणी अशी जोडी होती. नैयांडी मेळाचे, म्हणजे लोकवाद्यांच्या ताफ्यातले, दोन नादस्वरवाले आणि तविल हा ढोल वाजवणारा एवढीच साथ. राणीचं काम करणारी मुलगी कॉलेजात जाणारी, मध्येच थांबून पट्टी सैल करून पोटरी चोळत होती. कातडीवर विणीचे वळ उमटले होते.

हा नाच मराठ्यांच्या काळात इकडे आला असं तंजावरचे लोक सांगतात. मला लगेच गोव्यातली घोडेमोडणी आठवली. शिगम्याला सत्तरी-डिचोलीकडे कमरेला घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात ती. तिथं नाचणारा आपल्याच पायांवर असतो. इथं घोड्याला वेगळे पाय दिलेत, आणि त्यांना नावातच खोटं म्हणून टाकलंय. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

जेवायला उशीर झाला आणि केळीच्या पानावर उरलेलं रसम मिळालं. ताई रात्रीपर्यंत त्यावर बोलत होती.

तिसरा दिवस : नमनसमुद्रम आणि कुंभारवस्ती

पुदुक्कोट्टै ओलांडून थोडं दक्षिणेला गेलं की नमनसमुद्रम. गावाबाहेर झाडीत अय्यनारचं ठाणं आहे. अय्यनार हा वेशीवरचा राखणदार. रात्री घोड्यावर बसून गावाभोवती फेरी मारतो आणि चोर, रोगराई, वाईट वारं बाहेर थोपवतो. आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर खंडोबा घोड्यावर आहे, खाली कुत्रा आहे, त्यामुळे घोडेस्वार देव मला नवा नाही. पण आमच्या खंडोबाला एकच घोडा पुरतो. अय्यनारला दरवर्षी नवा लागतो.

देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मातीचे घोडे ओळीनं उभे आहेत. पागा म्हणावी तर छप्पर नाही. देवळाजवळचे ताजे, त्यांच्या गळ्यातल्या मातीच्या घंटा अजून शाबूत. मागच्या रांगेत काळे पडलेले, शेवाळलेले. त्यांच्याही मागे कान गेलेले, तोंड गेलेलं, नुसती धडं. अगदी झुडपांत शिरलं की चार पायांचे खुंट जमिनीतून वर आलेले दिसतात, एखाद्या मोडलेल्या खाटेसारखे. डागडुजी कुणी करत नाही. नवस फेडला, देवाला घोडा पोचला, पुढं मातीची माती झाली तरी कुणाची तक्रार नाही. मी एका पडलेल्या घोड्याच्या पोटात डोकावले. आतून कुंभाराच्या बोटांचे ठसे तसेच होते, गोल गोल, वरपासून खालपर्यंत.

"तुमच्या गावात घोडा आहे कुणाकडे?" दाजींनी अण्णांना विचारलं. जिवंत घोडा दिसत नाही हे एव्हाना त्यांच्या लक्षात आलं होतं.

अण्णा हसले. "आमच्याकडे? बैल आहे, शेळ्या आहेत. घोडा फक्त सामीकडे." सामी म्हणजे देव.

मग त्यांनीच आम्हाला एका कुंभारवस्तीत नेलं. हे कुंभार वेळार. नुसते घोडे घडवत नाहीत, बऱ्याच ठिकाणी अय्यनारचे पुजारीही तेच. घोडा करायचा ठरला की गावकरी कुंभाराच्या हातात मूठभर माती देतात. पिडिमण, म्हणजे मुठीतली माती. ही सुपारी. ती घेतली की काम सुरू. उत्सवाच्या दिवशी तयार घोडे कुंभारवाड्यातून खांद्यावरून मिरवत ठाण्याकडे नेतात, त्याला म्हणतात पुरवी एडुप्पु, घोडे उचलणं. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे उघडले की तो घोडा देवाचा, मग कुंभाराचासुद्धा नाही.

अंगणात एक घोडा अर्धा झाला होता. म्हणजे चार पाय तेवढे उभे होते. मातीत वाळू आणि भाताचं तूस मिसळलेलं. पाय म्हणजे चार पोकळ नळकांडी, माझ्या कमरेएवढी, सुकायला सोडलेली. त्यावर पोट चढणार, वळ्यांवर वळ्या रचत, रोज थोडं. खालची माती आवळली की मगच वरची. घाई केली तर सगळं बसतं. मान नंतर, डोकं त्याहून नंतर. भट्टी वेगळी नाही. आहे तिथंच पेंढा, गोवऱ्या, लाकूड रचून, वरून चिखलानं लिंपून भाजायचं.

दाजींना राहवेना. त्यांनी अण्णांमार्फत विचारलं, पाय असे सरळ खांबासारखे का? घोड्याला गुडघा असतो, घोटा असतो, मागचा पाय तर असा कोनात मोडतो. त्यांनी स्वतःचा हात वाकवून दाखवला.

घोडा घडवणाऱ्या म्हाताऱ्या कुंभारबाबांनी त्यांचा हात नीट पाहून घेतला. मग जवळचा ओल्या मातीचा गोळा उचलला, हातावर लोळवून नळी केली, मधे जराशी वाकवली आणि वर अंगठ्यानं दाबली. नळी वाकलेल्या जागी चिरून खाली बसली. दुसरी सरळ नळी केली, दाबली. ती उभी राहिली. तमिळमध्ये काहीतरी म्हणाले.

"सामीला पळायचं नाही मातीवर," अण्णांनी भाषांतर केलं. "उभा राहिला की झालं. पळायचं ते रात्री पळतो."

दाजी गप्प झाले. हे क्वचित घडतं.

मला एक छोटा घोडा विकत घ्यायचा होता. ओट्यावर वीतभर उंचीचे चार ठेवलेले दिसत होते. बाबांनी मान हलवली. ते नवसाचे. विकायचे हवे असतील तर हायवेवर बघा, रंगवलेले मिळतील. हायवेवर खरंच मिळाले, चकचकीत, एकाचा डोळा दुसऱ्यापेक्षा वर. मी घेतला नाही. ताईनं दोन घेतले.

चौथा दिवस : कुळमंगलम आणि आवुडैयारकोविल

कुळमंगलमचा अय्यनार पेरुंगारैयडी मींड अय्यनार म्हणून ओळखला जातो. त्याच्यासमोरचा घोडा मातीचा नाही, बांधीव आहे आणि ३३ फूट उंच आहे. आशियातला सगळ्यात उंच घोडा अशी इथल्या लोकांची प्रौढी. मासी मगमच्या, म्हणजे तमिळ मासी महिन्यातल्या सणाच्या जत्रेत लोक त्याला कागदी फुलांच्या माळा घालतात. घोड्याच्या उंचीएवढ्या लांब माळा, हजारोंनी. आम्ही पोचलो तेव्हा जत्रा होऊन आठवडा उलटलेला. वरातीमागून घोडं म्हणतात तसे आम्ही घोड्यामागून आलो.

पण मला वाटतं बघायची वेळ हीच. गर्दीच्या दिवशी माळांखाली घोडा दिसतच नसणार. आता उरल्यासुरल्या माळांचा रंग उडाला होता, गुलाबीचा पांढुरका झालेला, आणि वाऱ्याबरोबर त्या कोरड्या कागदांचा असा आवाज होत होता की कुणीतरी सतत पानं उलटतंय. खाली दोन बायका गळालेल्या माळा गोळा करून पोत्यात कोंबत होत्या. दाजींनी पुढच्या दोन उचललेल्या पायांखाली कोण आहे ते आधी पाहिलं. टेकू होते. त्यांना समाधान वाटलं.

तिथून अरंतांगीमार्गे आवुडैयारकोविल. वाटेत टायर बसलं आणि पाऊण तास चिंचेखाली गेला. बरंच झालं, कारण दुपारी देऊळ बंदच असतं.

या देवळाची गोष्ट घोड्यांचीच आहे. माणिक्कवाचकर हे पांड्य राजाचे मंत्री. राजानं त्यांना भरपूर धन देऊन बंदरावर उतरलेले घोडे घ्यायला पाठवलं. वाटेत इथं झाडाखाली गुरू भेटले, साक्षात शिव, आणि मंत्र्यानं घोड्यांचे सगळे पैसे देवळात घातले. राजानं घोडे मागितले तेव्हा शिवानं रानातल्या कोल्ह्यांचे घोडे केले, स्वतः घोडेव्यापारी झाला आणि मदुरैला नेऊन पोचते केले. रात्री घोड्यांचे पुन्हा कोल्हे झाले, पागेतल्या जुन्या घोड्यांना फाडून रानात पळाले. तमिळमध्ये नरी म्हणजे कोल्हा, परी म्हणजे घोडा. एका अक्षराचा फरक. मदुरैच्या देवळात ही लीला दरवर्षी साजरी होते.

पोलोचा तो हिशोब आठवला की ही कथा निराळीच वाटते. सकाळी पागा भरलेली, काही दिवसांत रिकामी. खजिन्यातलं सोनं समुद्रापार गेलेलं. लोकांना दिसत असणारच की राजाचे महागडे घोडे घेतल्या घेतल्या नाहीसे होतात. कोल्हे झाले म्हणा, नाहीतर भात खाऊन मेले म्हणा.

देवळाच्या गाभाऱ्यात लिंग नाही. नुसतं पीठ आहे, आवुडैयार, आणि त्यावर काही नाही. नंदी नाही, ध्वजस्तंभ नाही. नैवेद्य म्हणजे गरम भाताची वाफ. देवाला रूपच द्यायचं नाही असं ठरवलेल्या या देवळात बाकी सगळ्याला मात्र इतकं रूप दिलंय की डोळे थकतात. मंडपाच्या वळचणीचे दगड लाकडी वासे वाटावेत इतके बारीक कोरलेले, त्यांवर दगडी दोऱ्या, दगडी खिळे. ताई मान वर करून म्हणाली, "सुताराला लाज वाटेल."

आणि एका खांबावर घोडेव्यापारी शिव. घोड्यावर बसलेला, ऐटबाज, हा देव आहे हे सांगावं लागतं. संध्याकाळचे दिवे लागले होते. दाजींनी आधी तोंड पाहिलं, लगाम पाहिला. मग सवयीनं खाली वाकले आणि गुडघ्यापासून नळीच्या हाडावरून खुरापर्यंत तळवा फिरवला, जसा बाजारात फिरवायचे. सूज असेल तर पाय गरम लागतो.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"पाय घोड्याचाच आहे," दाजी म्हणाले. पुन्हा एकदा हात फिरवला. "पण आत्ता सातच वाजलेत. रात्री बघायला हवा."

अण्णा बाहेरून हॉर्न देत होते.